करपलेल्या पाकाचा वास

मला शोधायला सांगितलं होतं आणि मी नीट शोधलं नाही. या प्रकरणात सांगण्यासारखं मुख्य ते एवढंच. ते आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला सावरून घेईन, थोडा दोष लोडशेडिंगला देईन, थोडा आत्याला देईन, हे मला पक्कं ठाऊक आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर मी एक शब्द टाकला. काही सापडलं नाही. घरी येऊन मी सगळ्यांदेखत सांगितलं की असला प्रकार जगात कुठेच नाही. त्यानंतर माझ्या बहिणीचं तिसरं मूल गेलं. याहून वाईट मी पुढे वागलो, तेही लिहिणार आहे.

आमचं घर शेलूबाजारात, मोठ्या रस्त्यापासून आत, बाजाराच्या मागच्या अंगाला. वर पत्रे, पुढे सिमेंटचा ओटा आणि ओट्यासमोर बाबांची काळीपिवळी जीप. बाबा शेलूबाजार ते वाशीम सीटा भरायचे. थंडीच्या दिवसांत घरातला पहिला आवाज त्या जीपचा असायचा, ती घरघरायची, गप्प व्हायची, पुन्हा घरघरायची, आणि माय चुलीपुढून विचारायची, "उठली का तुमची म्हैस?" मग बाबांची शिवी, मायचं हसणं, तव्यावर भाकर उलटल्याचा आवाज. बाजाराच्या दिवशी पातोडीची भाजी व्हायची आणि तिच्या तर्रीचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. आमच्या घराला वासांचं कौतुक होतं असं म्हणायला हरकत नाही. माय नुसत्या वासावरून सांगायची की शेजारी तेल कालचं आहे की आजचं.

शोभाताई माझ्याहून मोठी. ती हसली की पत्र्यावरची कबुतरं उडतात असं बाबा म्हणायचे. तिचं लग्न ठरवावं लागलंच नाही. ती पाळण्यात असतानाच बाबांच्या बहिणीने, किन्हीराजाच्या आमच्या आत्याने, तिला मागून ठेवलं होतं. भावाच्या मुलीवर बहिणीचा हक्क, ही आमच्याकडची रीतच. ताई आत्याच्या घरी सून म्हणून गेली, तेव्हा माय रडलीसुद्धा नाही. "कोठं परक्याकडं चालली?" म्हणाली. भाऊजी म्हणजे आमचेच आतेभाऊ. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी बोरं पाडलेली. लोक म्हणायचे, घरची पोरगी घरातच राहिली.

पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगा झाला, टपोरा, डोकंभर जावळ असलेला. पाचवीची पूजा झाली. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणून पाटावर दिवा ठेवला, कोरा कागद ठेवला, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बेसन-भाकर खात होतो. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आतून मायचा आवाज आला, "पाक कोणं ठेवला व चुलीवर? करपून राह्यला ना!"

चूल थंड होती. माय स्वतःच चुलीपुढे उभी होती, हातात रिकामी कढई. पण वास मलाही येत होता. गुळाचा पाक लाडवांसाठी लावावा आणि क्षणभर दुर्लक्ष व्हावं, की कडेने जो गोड-जळका वास सुटतो, तोच. माय शेजारी जाऊन पाहून आली. कुणाकडेच काही शिजत नव्हतं. मग आम्ही दोघं त्या वासाच्या मागे मागे घरातून फिरलो आणि ताईच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबलो. आत अंधार होता. ताई बाजेवर झोपलेली, बाळ तिच्या कुशीत. वास तिथून येत होता.

संध्याकाळपासून बाळाने दूध सोडलं. त्याचं रडणं बदललं. पत्र्यावरून खिळा ओढावा तसं बारीक आणि सलग. मग त्याचं अंग मागे कमानीसारखं वाकायचं आणि पुन्हा सैल पडायचं. झोपेत त्याचे पाय चालायचे, एक पुढे एक मागे, सायकल चालवल्यासारखे, जणू ते कुठेतरी निघालं होतं आणि आम्ही त्याला धरून ठेवत होतो. बाबांनी जीप काढली. अकोल्याच्या वाटेवरच ते गेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्तात दोष झाला, ताप चढला असेल. आम्ही मान हलवली. ताप नव्हता, पण डॉक्टरांना कोण सांगणार?

त्यानंतर काही दिवस जीपमध्ये मागच्या सीटवर बसणारे लोक बाबांना विचारायचे, "काय गूळ नेऊन राह्यले का, डायवरसाहेब?" बाबांनी सीटचं कव्हर फाडून जाळलं.

दुसऱ्या वेळी आम्ही सगळे वासाची वाट पाहत होतो. कुणी तसं बोललं नाही. पण पाचवीनंतर माय दिवसभर पदराने नाक पुसत फिरत होती, आणि मी कॉलेजातून आलो की दारातच थांबून आधी हवा हुंगायचो. वास आला, तसाच, भर दुपारी, थंड चुलीच्या घरात. त्या मुलाच्या कानात माय तेलाचं बोट फिरवत होती. तिने बोट नाकाशी नेलं आणि ते पदराला पुसत राहिली, पुसतच राहिली. तोही गेला. त्यानंतर आमच्या घरात गूळ आला नाही. संक्रांतीचे लाडू साखरेचे, पोळ्याचं पुरण साखरेचं. गुळाची भेली कुणी दिली तर माय ती ओट्यावरूनच गाईला घालायची. आजही माझ्या घरात गूळ नाही, आणि माझ्या बायकोने त्याचं कारण विचारणं कधीच सोडून दिलं आहे.

आत्याने कारण सांगितलं. आजोबांची पहिली बायको होती, ती बाळंतपणात गेली, आणि जाताना तिच्या डिंकाच्या लाडवांचा पाक चुलीवर तसाच राहिला होता. "तिचं लेकरू तिले भेटलं नाही," आत्या म्हणाली, "म्हणून ती दुसऱ्याईचे नेऊन राह्यली." ही गोष्ट त्याआधी मी कधी ऐकली नव्हती. पण आत्याने सांगितल्यावर मायला ती आठवली, बाबांना आठवली, शेजारच्या म्हातारीला तर त्या कढईचा आकारसुद्धा आठवला. आता वाटतं, ती गोष्ट त्याच दुपारी जन्मली असावी. पण तेव्हा मला रात्री आतल्या खोलीपुढून पाण्याला जायची भीती वाटायची, आणि मी एम.एस्सी.ला होतो.

वाशीमच्या एका बालरोगतज्ज्ञांनी मात्र बाबांना वेगळं सांगितलं होतं. पुढचं बाळंतपण नागपूरला मोठ्या दवाखान्यात करा, पहिल्या दिवसापासून बाळाच्या तपासण्या होऊ द्या, दोन्ही मुलं सारखीच गेली यात काहीतरी आहे. बाबांनी ते मनावर घेतलं. ताईला पुन्हा दिवस राहिले तेव्हा त्यांनी नागपूरला राहायची सोयही पाहून ठेवली.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात डेटाबेस आला. एका कोपऱ्यात काचेची केबिन, तिच्यात एक संगणक, आणि त्यातून देशोदेशींच्या संशोधनाचे लेख शोधता यायचे. माझं इंग्रजी बरं होतं म्हणून ग्रंथपाल सरांनी मला तिथे बसवलं. प्राध्यापक विषय सांगायचे, मी शोधून द्यायचो. सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: शोधणाऱ्याचा शब्द आणि लिहिणाऱ्याचा शब्द एकच असेल असं धरून चालू नका. आधी कागद घ्या, एकाच गोष्टीला जितके शब्द सुचतील तितके लिहा, मग चौकटीत एकेक टाकून पाहा. मी हे इतरांना इतक्या वेळा ऐकवलं की मुलं माझी नक्कल करायची. गावात मला 'कॉम्प्युटरवाला' म्हणायला लागले होते. बाबा जीपमध्ये प्रवाशांना सांगायचे, आमचा दिगांबर जगातलं कोणतंही पुस्तक बसल्या जागी काढते.

ताई सातव्या महिन्यात घरी आली होती. दुपारी ती भिंतीला पाठ टेकून तूर निवडत बसलेली. मी जेवत होतो.

"दिगू," ती म्हणाली, "तुह्या त्या मशिनीत एक पाह्यतं का?"

"काय?"

"जगात आणखी कोणाच्या लेकराले असा वास येते का. नुसतं हे पाह्य. येत असन तं त्याले नाव असन. नाव असन तं डाक्टरले सांगता येईन."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं की मी हातातला घास तसाच धरून राहिलो. घरात तोवर कुणीच त्या वासाबद्दल असं बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बसलो. केबिनबाहेर दोन प्राध्यापक आपल्या पाळीची वाट पाहत होते. लाइट जायची वेळ जवळ आली होती. कागद घेतला नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. गूळ, वास, बाळ हे शब्द पडद्यावर कुणी वाचले तर हसतील, म्हणतील हा भुताटकी शोधतोय. मी एका हाताने पडदा थोडा आडोशाला केला आणि लिहिलं, जॅगरी, स्मेल, बेबी. शून्य लेख. नुसता जॅगरी टाकला तर गुळाला बुरशी का लागते, गुळात लोह किती, पावसाळ्यात गूळ कशात साठवावा, असे लेख आले. मी चौकट पुसली आणि पुढच्या सरांना आत बोलावलं. त्यांना विषयाचे शब्द कागदावर लिहून आणा म्हणून मी दरडावलं, तेही आठवतं.

त्याच आठवड्यात आत्या आली. ताईला घेऊन जायचं म्हणत होती. "तुमच्या घरात आहे ते," ती ओट्यावर पाय पसरून बाबांना म्हणाली, "तिसरं आमच्याकडं होऊ दे, भाऊ. पाह्य काही होत नाही."

"नागपूरले नेतो," बाबा म्हणाले.

"नागपूरले काय ठेवलं? दोन डाक्टर झाले ना? काय सांगतलं त्याईनं?"

बाबा माझ्याकडे वळले. "शोभीनं तुले पाह्याले सांगतलं होतं म्हणे. काय निघालं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. माय दारात पीठभरल्या हाताने उभी. तीन शब्द टाकले आणि उठलो, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "लाखो लेख हायेत त्यात, बाबा. साऱ्या जगाचे. असं कोठंच नाही."

"सारं पाह्यलं?" ताईने विचारलं.

"सारं."

"ऐकलं का, भाऊ?" आत्या म्हणाली. "डाक्टरच्या कितावातच नाही, तं डाक्टर कायले पाह्यजे?"

बाबांनी मायला चहा टाकायला सांगितला. नागपूरचं नाव पुन्हा निघालं नाही. दोन दिवसांनी ताई आत्याबरोबर किन्हीराजाला गेली.

ते बाळ मुलगी होती. पाचवीपर्यंत सगळे फोन चांगले आले. आत्या फोनवर हसत होती, जावळ मामासारखं आहे म्हणत होती. त्यानंतर एका सकाळी भाऊजींचा फोन आला. ते फक्त म्हणाले, "तुमी या." बाबांनी सीटा भरलेली जीप तशीच रिकामी करून घेतली.

आत्याच्या गल्लीत शिरलो तर कुणीतरी बाई दारातून दुसरीला विचारत होती, "कोणाकडं लाडू होऊन राह्यले व?" मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. घर वेगळं होतं, चूल वेगळी, भिंती वेगळ्या, आणि वास तोच. आत्या उंबऱ्यावर बसली होती, पदर नाकाला लावून. बाबांना पाहून म्हणाली, "घरात नव्हतं ते, भाऊ. हिच्या मागं मागं आलं."

ताई आत होती. तिने मुलगी माझ्या हातात दिली. मुलगी झोपेत होती आणि तिचे पाय चालत होते, सावकाश, न थकता. मी तिच्या कपाळावर वाकलो. तो वास जवळून वाईट नव्हता. तो सणासारखा होता. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि मला भूक लागली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या मुलीला हुंगताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ती संध्याकाळच्या आत गेली.

पुढच्या काही महिन्यांत ताई ट्रंक घेऊन आमच्याकडे आली, ती कायमची. भाऊजींचं दुसरं लग्न झालं, वर्षभरात मुलगा झाला, धडधाकट. ते ताईच्याच मागे आहे, याबद्दल आता कुणाला शंकाच उरली नाही. आमच्या गल्लीतल्या बायका ताईशी बोलायच्या, पण कुणी गरोदर असली की लांबून.

मी संगणकावर बसतच होतो. एके दिवशी गृहविज्ञानाच्या मॅडम आल्या. त्यांना मिठाईचा पाक जास्त तापला की त्यात काय बदल होतात यावर निबंध लिहायचा होता. त्या शहाण्या होत्या. शब्द कागदावर लिहून आणले होते. त्यांतला एक होता 'बर्न्ट शुगर', जळकी साखर. मी तो टाकला. मॅडम वर्गावर निघून गेल्या होत्या. यादी आली: कॅरॅमल, बिस्किटं, काकवीचा रंग, भट्टीचं तापमान, आणि त्यांच्या मधेच, कुणीतरी चुकून रांगेत येऊन उभं राहावं तसं, नवजात अर्भकं. लघवीला जळक्या साखरेचा वास.

मी तो लेख उघडला. जन्मतः बाळ चांगलं असतं, असं त्यात होतं. काही दिवसांत ते दूध सोडतं. रडणं बारीक, किरटं होतं. अंग कमानीसारखं वाकतं. हातपाय सायकल चालवल्यासारखे हलतात. वास लघवीला येतो, कानातल्या मळाला येतो. तिकडे परदेशात एका झाडाच्या चिकापासून पाक करतात, त्या पाकाच्या नावावरूनच रोगाला नाव दिलेलं. लिहिणारा माणूस शेलूबाजारला कधी आला नसणार. पण त्याने आमची आतली खोली पाहिली होती, मायचं तेलाचं बोट पाहिलं होतं. मी मागे वळून पाहिलं. भर दुपारी, काचेच्या केबिनमध्ये, मला तो वास आला. आला असं मला वाटलं म्हणू या. मी वायर जळतेय का म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं. वायर गार होती.

पुढचं वाचायला मला दोन दिवस लागले. दोष आईच्या एकटीच्या अंगात नसतो. अर्धा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. दोघंही वरून निरोगी. दोन्ही अर्धे भेटले तरच मूल आजारी. आणि असे अर्धे भेटतात ते बहुधा जवळच्या नात्यातल्या लग्नांत. तोच माणूस नात्याबाहेर लग्न करील तर त्याची मुलं जवळपास नक्की चांगली निघतात. हे सगळं आधीपासून तिथे होतं. मी तीन शब्द टाकून उठलो त्या दिवशीही ते त्याच यंत्रात होतं, एका शब्दाच्या अंतरावर.

मी घरी सांगितलं नाही. बाबांनी माझ्या शब्दावर नागपूर सोडलं होतं, आणि ती मुलगी गेल्यापासून ते जीप चालवताना मोठ्याने हॉर्नही वाजवत नव्हते. त्यांना काय सांगू? आज नको, थोडं निवळू दे, असं मी स्वतःला म्हणायचो. पुढे एका डॉक्टर मित्राला, कुणाचं ते न सांगता, विचारलं. तो म्हणाला, तेव्हा नागपूरलाही असं बाळ वाचणं अवघडच होतं. ते खरं असेल. मी ते वाक्य कित्येक वर्षं उशीसारखं वापरलं.

पण चक्कीवाल्यांच्या वेळी मला कुठलीच उशी नव्हती. मानोऱ्याचे एक गृहस्थ, पिठाची चक्की होती, बायको वारलेली, मूल नाही. आमच्या जातीतले, पण नात्याचा दूरवरही संबंध नाही. ते स्वतःच ताईला मागणी घालायला आले. पोहे खाल्ले, भुवयांवर पीठ तसंच होतं. बाबांना म्हणाले, "मले सारं माहीत आहे. मी अशा गोष्टीले मानत नाही. तुमची पोरगी हसते चांगली, असं ऐकलं होतं. अजून हसते का?" ताई आतून खरंच हसली. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. मला बोलावलं.

"दिगू, तू शिकेल हायेस. खरं सांग. माह्या मागं काही आहे का?"

मी हौदाच्या कडेला टेकलो.

"मले माहं भेव नाही वाटत," ती म्हणाली. "माणूस चांगला आहे. पण आणखी एक लेकरू तसं पाह्यवणार नाही मले. तसं होणार नाही असं कोणी एकानं म्हटलं ना, तं मी हो म्हंतो."

तो एक मी होतो. मला सगळं ठाऊक होतं, रोगाचं नाव, त्याचं कारण, चक्कीवाले नात्यातले नाहीत म्हणजे काय, सगळं. आणि मला एवढंच दिसत होतं की मी बोललो तर पुढचा प्रश्न येणार, "मंग तवा सारं पाह्यलं म्हणे, ते?" मी म्हणालो, "मी काय सांगू, ताई. तुह्या मनाले वाटन ते कर."

ती पुन्हा भांडी घासू लागली. चक्कीवाल्यांना नकार गेला. त्यांनी पुढे दुसरीकडे लग्न केलं. त्यांच्या दोन मुली मी मानोऱ्याला चक्कीवर पाहिल्या आहेत. धाकटी गल्ल्यावर बसते आणि मोठ्याने हसते.

त्यानंतर ताईने स्वतःच एक रीत घालून घेतली. गल्लीत कुणाच्या घरी बाळ होणार असलं की ती गावाबाहेर आमच्या वावरातल्या, शेताच्या तुकड्यातल्या, खोपीत राहायला जायची आणि बारसं झालं की परत यायची. कुणी तिला जा म्हटलं नाही. कुणी थांब म्हटलं नाही. माझा मुलगा झाला तेव्हाही ती गेली, आणि मी, सगळं ठाऊक असलेला मी, तिच्या गाठोड्याला हात देऊन तिला वावरात सोडून आलो. वर रात्री उठून मुलाचा कान हुंगत बसायचो. ज्ञान आणि भीती एकाच माणसात किती शांतपणे शेजारी राहतात, हे मला तेव्हा कळलं.

माय-बाबा दोघेही आता नाहीत. यंदा शेजारच्या घरी सुनेला दिवस गेले. ताईचे गुडघे गेलेत. पायऱ्या चढवत नाहीत. तरी एका सकाळी ती गाठोडं बांधून ओट्यावर बसलेली दिसली, वावरात सोडायला मोटरसायकल काढ म्हणाली. बाहेर थंडी होती. मी चावी घेतली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"जाऊ नको, ताई," मी म्हणालो. "तुह्या मागं काही नाही."

"आता कसं म्हणतं बे?" ती हसत म्हणाली. "एवढे दिवस काहून नाही म्हटलं?"

मी तिला सांगितलं. रोग, त्याचं नाव, अर्धं इकडून, अर्धं तिकडून. मी नीट शोधलं नव्हतं तेही. ती गाठोड्याच्या गाठीशी खेळत ऐकत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मले एकटीले कायले सांगतं? आत्या जिती आहे. चाल किन्हीराजाले."

आत्या बाजेवर होती, वाळून काठी झालेली. भाऊजी ओसरीत होते. त्यांच्या दुसऱ्या बायकोने आम्हाला चहा दिला, बिचारीला काय चाललंय ते कळेना. ताई आत्याच्या पायथ्याशी बसली आणि मला म्हणाली, "सांग."

मी सुरुवात केली. आत्या कानाला हात लावून म्हणाली, "काय म्हंते हा?"

"जोऱ्यानं सांग," ताई म्हणाली. "तिले ऐकू येत नाही."

मग मी ओरडून सांगितलं. दारात शेजारचे येऊन उभे राहिले. शेवटी आत्याला कळलं असावं, कारण ती उठून बसायचा प्रयत्न करू लागली. "म्हणजे माह्या पोराकडूनही होतं?"

"हो, आत्या. अर्धं अर्धं."

"मंग याचे हे लेकरं?"

"ही नात्यातली नाही. म्हणून चांगले."

भाऊजी हातातली कपबशी घेऊन तसेच भिंतीपाशी खाली बसले. आत्या ताईकडे पाहत होती आणि तिचं तोंड नुसतंच हलत होतं. मला वाटलं, झालं. तेव्हा ताई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हे तुले कवा समजलं, तेही सांग."

घरी तिने हे विचारलं नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं. मी खाली मान घालून पुटपुटलो.

"काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"मलेही ऐकू नाही आलं," ताई म्हणाली. "पुन्हा सांग."

मी उभा राहिलो. दारात लोक होते, भाऊजींची मुलं होती. "चक्कीवाले पाह्याले आले त्याच्या आधीच मले समजलं होतं," मी ओरडून म्हणालो. "ताईनं मले विचारलं तवा मी चूप राह्यलो. माह्या भेवापायी मी तिचं घर होऊ देलं नाही. ताई, मले माफ कर."